प्रवेश विनामूल्य, पण खर्च कुणाचा? छोट्या शहरांतल्या वाचनालयांची व्याख्यानं कशावर चालतात?

'प्रवेश विनामूल्य. सर्वांना आग्रहाचं निमंत्रण.' तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाबाहेरच्या फळ्यावर ही ओळ वर्षातून कित्येकदा दिसते. आता ती व्हॉट्सॲप ग्रुपवरही येते. 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाचा कार्यक्रम, 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, मे महिन्यात मुलांचं शिबिर आणि अधूनमधून व्याख्यानमाला.

श्रोत्याला तिकीट नाही, नावनोंदणी नाही. पण वक्त्याचा प्रवास, त्याचं मानधन, माईक, खुर्च्या आणि चहा यांचे पैसे कुणीतरी देतंच. ते नेमकं कोण देतं आणि ही व्यवस्था आता अडचणीत का आली आहे?

ही पद्धत आली कुठून?

महाराष्ट्रातली अनेक वाचनालयं दीडशे वर्षांहून जुनी आहेत. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय 1828 चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 चं, तर कल्याणचं 1864 चं. ती सरकारी कार्यालयं नाहीत. गावातल्या लोकांनी वर्गणी काढून उभ्या केलेल्या या संस्था आहेत.

जाहीर व्याख्यानांची परंपराही तेवढीच जुनी. पुण्यातली वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने 1875 मध्ये सुरू झाली. नाशिकमध्ये 1922 पासून गोदाकाठी अशीच व्याख्यानमाला होते. छोट्या शहरांनी हाच नमुना उचलला. तिथे सभागृह, खुर्च्या आणि श्रोते हे तिन्ही वाचनालयातच मिळत.

सरकार पैसे देत नाही का?

देतं. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1967 चा आहे. त्यानुसार राज्यातल्या 11 हजारांहून अधिक ग्रंथालयांना मान्यता आहे. त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि वर्गानुसार अनुदान मिळतं.

अडचण रकमेची आहे. 2022 मध्ये सरकारने अनुदान 60 टक्क्यांनी वाढवलं. त्याआधी कित्येक वर्षं ते वाढलंच नव्हतं. या वाढीनंतर 'ड' वर्गाच्या ग्रंथालयाचं वार्षिक अनुदान 30 हजारांवरून 48 हजार रुपये झालं, म्हणजे महिन्याला 4 हजार. त्यातच कर्मचाऱ्याचा पगार, पुस्तकं, वर्तमानपत्रं आणि वीजबिल. यातून व्याख्यानासाठी काय उरणार?

दक्षिणेतल्या काही राज्यांनी वेगळा मार्ग धरला. कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडूमध्ये मालमत्ता करासोबत ग्रंथालय उपकर घेतला जातो. केरळमध्येही वाचनालयं गावकरीच चालवतात, पण त्यांच्यामागे कायद्याने ठरवलेलं उत्पन्न आहे. महाराष्ट्राच्या कायद्यात असा उपकर नाही. दरवर्षीच्या अर्थसंकल्पात काय पदरात पडेल, यावर इथलं गणित ठरतं.

मग व्याख्यान होतं कसं?

बहुतेक ठिकाणी उत्तर कार्यक्रमाच्या नावातच असतं. अमुक यांच्या 'स्मृतिप्रीत्यर्थ'. गावातलं एखादं कुटुंब आई-वडिलांच्या नावाने वाचनालयाला देणगी देतं. ती रक्कम बँकेत कायम ठेव म्हणून राहते. मुद्दलाला हात लावायचा नाही आणि व्याजातून दरवर्षी एक व्याख्यान करायचं, अशी अट असते.

अनेक वर्षं हे नीट चाललं. पण 2013 च्या आसपास मोठ्या बँका मुदत ठेवीवर जवळपास 9 टक्के व्याज देत होत्या. 2020-21 मध्ये तेच साडेपाच टक्क्यांच्या आसपास आलं. म्हणजे एक लाखाच्या ठेवीतून वर्षाला 9 हजार मिळायचे, तिथे साडेपाच हजार मिळू लागले. नंतर दर काहीसे वाढले, पण तोवर गाडीभाडं, मंडप आणि ध्वनिव्यवस्थाही महागली होती.

मधली तूट भरून काढतात ते वक्ते आणि कार्यकर्ते. वक्ता मानधन घेत नाही किंवा पाकीट तिथेच देणगी म्हणून परत करतो. त्याची जेवणाची आणि मुक्कामाची सोय कार्यवाहांच्या घरी होते. खुर्च्या मांडणारे आणि आभार मानणारेही तेच. हा खर्च कुठल्याच हिशेबाच्या वहीत दिसत नाही.

चिपळूणचं उदाहरण काय सांगतं?

चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 1864 चं. जानेवारी 2013 मध्ये चिपळुणात 86 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, त्याचं यजमानपद या वाचनालयाकडे होतं. एका तालुक्याच्या गावातली संस्था एवढा पसारा पेलू शकली, कारण सभा भरवण्याची आणि माणसं जोडण्याची सवय तिला आधीपासून होती.

22 जुलै 2021 च्या महापुरात वाशिष्ठीचं पाणी वाचनालयात शिरलं आणि हजारो पुस्तकं भिजून गेली. 2005 च्या पुरातही असंच झालं होतं. दोन्ही वेळा वाचनालय पुन्हा उभं राहिलं, ते लोकांच्या मदतीवर. कार्यक्रमांना येणारी माणसं म्हणजे नुसते श्रोते नसतात. संस्था अडचणीत आली की धावून येणारी तीच असतात.

यूट्यूब असताना सभागृहात कशाला जायचं?

हा प्रश्न रास्त आहे. चांगल्यात चांगल्या वक्त्याचं भाषण मोबाईलवर फुकट ऐकता येतं. शिवाय सभागृहातल्या पुढच्या रांगांत पांढरे केसच जास्त दिसतात, तर तरुण मंडळी वाचनालयात येतात ती वरच्या मजल्यावरच्या अभ्यासिकेत, स्पर्धा परीक्षेची तयारी करायला.

पण मोबाईलवरच्या वक्त्याला गावातल्या पाणीपुरवठ्याबद्दल विचारता येत नाही. सभागृहात निवृत्त शिक्षक, दुकानदार, डॉक्टर आणि कॉलेजची मुलगी एकच भाषण ऐकतात. त्यातल्या एखाद्याला ते पटत नाही आणि तो उभा राहून तसं सांगतो. काहीही विकत न घेता आणि कुठल्या पक्षाचा झेंडा न धरता बसता येईल, अशा जागा छोट्या शहरात मोजक्याच असतात.

पुढे काय?

काही वाचनालयं आता विषय बदलून पाहत आहेत. सायबर फसवणूक, शेतीची कागदपत्रं, आरोग्य आणि करिअर अशा विषयांना नवे श्रोते मिळू शकतात. अभ्यासिकेतल्या मुलांना आयोजनात घेतलं, तर कार्यकर्त्यांची पुढची फळीही तयार होते.

तरीही मूळ प्रश्न पैशांचाच राहतो. अनुदानात कार्यक्रमांसाठी वेगळी तरतूद करायची, उपकराचा विचार करायचा, की सगळं देणगीदारांवर सोडायचं, हे सरकारने ठरवायचं आहे. श्रोत्यांच्या हातात आहे ती वाचनालयाची मासिक वर्गणी. 'विनामूल्य' कार्यक्रमाला ती थेट हातभार लावते.