सूचनावही आणि संवाद

शाळेत बदल येतो तो बहुधा परिपत्रकातून. पण पुढे तो वर्गात पोचतो की फायलीत जाऊन बसतो, हे मुख्याध्यापक तो कसा सांगतात यावर ठरतं. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत माझं हे मत पक्कं झालं.

२०१० साल आठवा. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिलला लागू झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. नुसत्या लेखी परीक्षेवर न थांबता तोंडी काम, प्रात्यक्षिक, प्रकल्प, उपक्रम बघायचे आणि प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंदी ठेवायच्या. कल्पना चांगलीच होती.

एका शाळेत (नाव कशाला घ्या!) शिपाई सूचनावही घेऊन फिरला. ‘नोंदी शनिवारपर्यंत पूर्ण कराव्यात.’ खाली सगळ्यांच्या सह्या. कुणी शंका काढली तर उत्तर ठरलेलं, "वरून आलंय, करायचं." मग काय, तयार नोंदींच्या पुस्तिका आल्या आणि वाक्यं उतरवली गेली. सगळ्यांचं अक्षर सुवाच्य, सगळ्यांचं वर्गात लक्ष! ज्याला धड वाचता येत नव्हतं, त्याच्याही नावापुढे तेच. त्याची अडचण कागदावर आलीच नाही, मग ती दूर कोण करणार?

माझ्या एका स्नेह्यांच्या शाळेत मुख्याध्यापिका बाई स्वतः स्टाफरूममध्ये येऊन बसल्या. तक्रारी ऐकल्या, पटसंख्येचा प्रश्न मान्य केला. ठरलं ते असं : रोज पाचच मुलांकडे नीट बघायचं आणि दोन ओळी स्वतःच्या शब्दांत लिहायच्या. परिपत्रक तेच, पण तिथल्या नोंदींत मुलं दिसत होती.

मात्र नुसतं गोड बोलणं म्हणजे संवाद नव्हे हं! सगळ्यांचं ऐकून घेणारे आणि निर्णय कधीच न देणारे मुख्याध्यापकही मी पाहिलेत. तिथे चहा भरपूर होतो, बदल मात्र होत नाही. ऐकायचं, कारण सांगायचं आणि मग ठरवायचं, हे तिन्ही हवं.

आता २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात समग्र प्रगतिपत्रक आहे, म्हणजे पुन्हा नोंदी आल्याच. मुख्याध्यापकांना एवढंच सांगावंसं वाटतं, की सूचनावही जरूर फिरवा, पण त्याआधी एकदा स्टाफरूममध्ये येऊन बसा.

असो. तुमच्या शाळेत, ऑफिसात काय अनुभव? जरूर कळवा.