३२०० मीटर आणि इफ्तारची वेळ

अमेरिकेतल्या शाळांमध्ये मार्च महिना आला की मैदानी स्पर्धांचा वसंत हंगाम सुरू होतो. मिशिगनसारख्या उत्तरेकडच्या राज्यात तेव्हा मैदानाच्या कडेला थोडाफार बर्फ असतो. मुलं टोप्या-हातमोजे घालून धावायला उतरतात, आणि मेअखेरीला किंवा जूनच्या सुरुवातीला राज्य पातळीच्या अंतिम स्पर्धेनं हंगाम संपतो. लांब पल्ल्याच्या मुलामुलींच्या वाट्याला यात ८०० मीटर, १६०० मीटर, ३२०० मीटर आणि चौघांनी प्रत्येकी ८०० मीटर धावायची रिले येते. हिवाळाभर जमवलेला दम या अडीच महिन्यांत घड्याळावर दिसायला हवा, म्हणून एप्रिलमधला सराव सर्वांत कठीण असतो. २०२१ पासून काही वर्षं रमजान नेमका याच हंगामात आला. २०२२ साली तर २ एप्रिल ते १ मे असा सबंध महिना हंगामाच्या ऐन मध्यावर होता.

अमेरिकेतल्या बहुतेक शाळांमध्ये ही एखाद-दुसऱ्या मुलाची अडचण असते. मिशिगनमधलं डिअरबॉर्न मात्र वेगळं आहे. हेन्री फोर्डचं हे जन्मगाव. त्याच्या मोटार कारखान्यात कामासाठी लेबनॉन, येमेन, इराकमधून माणसं आली आणि इथंच राहिली. २०२० च्या जनगणनेनुसार या सुमारे १ लाख १० हजार वस्तीच्या शहरात निम्म्याहून अधिक लोक अरब वंशाचे आहेत. इथल्या शाळेच्या धावण्याच्या संघात रोजा ठेवणारे एकटे-दुकटे नसतात. कधी अर्धा संघ, कधी त्याहून जास्त मुलं रोजेदार असतात. त्यामुळे रोजा आणि सराव यांचा मेळ घालण्याचा प्रश्न तिथं एका मुलापुरता उरत नाही. तो सगळ्या संघाचा होतो.

त्या मुलांचा दिवस कसा जातो ते पाहू. एप्रिलमध्ये तिथं सूर्य रात्री आठच्या सुमारास मावळतो. रोजा चौदा-पंधरा तासांचा होतो. इफ्तार, मग मगरिब, इशा आणि तरावीह होईपर्यंत रात्रीचे साडेदहा-अकरा वाजतात. पहाटे पाचच्या आसपास सहरी, आणि लगेच सकाळची शाळा. दुपारी तीन-साडेतीनला सराव सुरू होतो तेव्हा मुलाच्या पोटात दहा तास पाण्याचा थेंब गेलेला नसतो आणि झोप जेमतेम पाच तासांची झालेली असते. लोक भुकेबद्दल विचारतात. धावणाऱ्याला भूक फारशी छळत नाही, पहिल्या आठवड्यानंतर शरीर तिला सरावतं. तहान आणि अपुरी झोप या गोष्टी मात्र महिनाभर पाय ओढतात.

शंभर मीटर धावणाऱ्याचं काम काही सेकंदांत संपतं. ३२०० मीटर म्हणजे मैदानाच्या आठ फेऱ्या. त्यात घाम जातो, श्वास लागतो, आणि सहाव्या-सातव्या फेरीला अंगात पाणी किती शिल्लक आहे याचा हिशेब होतो. शिवाय शालेय स्पर्धांच्या क्रमात ही शर्यत जवळजवळ शेवटी असते. तिच्यानंतर फक्त चौघांनी प्रत्येकी ४०० मीटर धावायची रिले उरते. दुपारी सुरू झालेली मोठी स्पर्धा रेंगाळली, तर ३२०० मीटरची मुलं सुरुवातीच्या रेषेवर उभी राहतात तेव्हा मगरिबची अजान व्हायला थोडाच वेळ असतो. रोजाचा सगळा भार दिवसाच्या त्या शेवटच्या तासावर असतो, आणि शर्यतही तेव्हाच असते.

यावर अवघड असा काही इलाज करावा लागत नाही. वेळापत्रक थोडं हलवावं लागतं. कठीण सराव इफ्तारच्या तासभर आधी ठेवला तर धावणं संपताच पाणी आणि खजूर हातात येतात. नाहीतर तो इफ्तारनंतर दिव्यांच्या उजेडात घेता येतो. शाळा सुटल्यावर लगेच धावायचं असेल तर ते हलकं ठेवायचं. आठवड्याचे एकूण किलोमीटर थोडे कमी करायचे, आणि झोपेचा तास हा सरावाचाच भाग धरायचा. संघातल्या बिगरमुस्लिम मुलांचं यात काही बुडत नाही. चार दिवस त्यांना उशिरा यावं लागेल, इतकंच. रिलेत चौघं एकाच बॅटनला बांधलेली असतात. त्यातल्या एकाची तहान चौघांच्या वेळेत दिसते, म्हणून ही सोय एकावर केलेली मेहेरबानी ठरत नाही.

डिअरबॉर्ननं हे एकदा मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं आहे. २०१० साली रमजान ऑगस्टमध्ये आला होता. तो अमेरिकन फुटबॉलच्या तयारीचा काळ, आणि ऊन कडक. तिथल्या फोर्डसन हायस्कूलच्या प्रशिक्षकांनी सराव रात्री अकरा ते पहाटे चार असा ठेवला. मुलं इफ्तार करून मैदानावर यायची आणि सराव संपवून सहरीला घरी जायची. या शाळेवर पुढं माहितीपटही निघाला. त्या प्रशिक्षकांनी मुलांच्या श्रद्धेवर भाषणं केली की नाही, हे फारसं महत्त्वाचं नाही. त्यांनी सरावाची वेळ बदलली, आणि मुलांना त्याचाच उपयोग झाला.

वेळ बदलायला आणि नियम वाचायला कुणी पुढं आलं नाही की काय होतं, हे शेजारच्या ओहायो राज्यात दिसलं. ऑक्टोबर २०१९ मध्ये टोलेडो परिसरातली सोळा वर्षांची एक मुलगी क्रॉस कंट्रीची पाच किलोमीटरची शर्यत हिजाब घालून धावली. त्या हंगामातली तिची ती सर्वांत चांगली वेळ होती. निकालाचा कागद लागला तेव्हा त्यावर तिचं नावच नव्हतं. डोक्यावरच्या वस्त्रासाठी आधी लेखी परवानगी घ्यायला हवी होती, असं कारण दिलं गेलं. त्या मुलीनं आणि तिच्या घरच्यांनी हा विषय सोडला नाही. २०२२ मध्ये ओहायोनं कायदा करून खेळाडूंना धार्मिक पोशाखासाठी अशी आगाऊ परवानगी मागायला लावणं बंद केलं. एका शाळकरी मुलीची पुसली गेलेली वेळ राज्याचा नियम बदलून गेली. पण तिची ती शर्यत तिला परत मिळाली नाही. मोठ्यांनी आधीच विचार केला असता, तर एवढी किंमत तिला द्यावी लागली नसती.

आता थोडं आपल्या घरातलं बोलू. रोजा ठेवून धावणाऱ्या मुलाला आपण फार लवकर वीर बनवतो. उपाशीपोटी पदक जिंकल्याच्या बातम्या आपण एकमेकांना पाठवतो, आणि त्या वाचणाऱ्या दुसऱ्या मुलाला वाटू लागतं की चक्कर आली तरी थांबायचं नाही. रोजाचा हेतू हा नाही. सूरा बकरामध्ये रोजे फर्ज केल्याचं जिथं सांगितलं आहे, तिथंच आजाऱ्याला आणि प्रवाशाला ते इतर दिवशी पूर्ण करण्याची सवलत दिली आहे, आणि अल्लाहला तुमच्यासाठी सोपेपणा हवा आहे, असंही सांगितलं आहे. नुसता खेळ हे रोजा पुढं ढकलण्याचं कारण होऊ शकतं का, यावर उलेमांची मतं एक नाहीत. त्या वादात इथं शिरायचं नाही. पण मैदानावर मुलाचा तोल जाऊ लागला, डोळ्यांपुढं अंधारी आली, तर त्यानं पाणी प्यावं आणि तो रोजा नंतर कझा म्हणून ठेवावा, यावर कुणाचा वाद नाही. मुलाला अडवतं ते शरियतचं बंधन नसतं. त्याला अडवतात ती घरची आणि मोहल्ल्यातली तोंडं. ‘सोडलास का रोजा?’ हा प्रश्न ज्या सुरात विचारला जातो, त्या सुराची त्याला भीती असते.

मोठ्या धावपटूंनी यात दोन्ही वाटा दाखवल्या आहेत. २०१२ चं लंडन ऑलिम्पिक रमजानमध्ये होतं. मो फारानं रोजे पुढं ढकलले आणि ५,००० व १०,००० मीटरची दोन्ही सुवर्णपदकं जिंकली. इथिओपियात जन्मलेली आणि पंधराव्या वर्षी निर्वासित म्हणून नेदरलँड्सला गेलेली सिफान हसन हिनं २०२३ च्या लंडन मॅरेथॉनची शेवटची तयारी रोजे ठेवून केली. रमजान संपल्यावर दोनच दिवसांनी, २३ एप्रिलला, ती आयुष्यातली पहिली मॅरेथॉन धावली. वाटेत पाय आखडल्यामुळे तिला थांबावं लागलं, तरी ती २ तास १८ मिनिटं ३३ सेकंदांत पहिली आली. दोघांच्या श्रद्धेबद्दल शंका घ्यायला जागा नाही. दोघांनी आपापला निर्णय विचार करून घेतला, आणि त्यांच्यामागं डॉक्टर, आहारतज्ज्ञ, प्रशिक्षक असं सगळं बळ होतं. शाळेतल्या मुलामागं यातलं काही नसतं. त्याच्यामागं एक पीटीचे सर, आई-वडील आणि जमलंच तर मशिदीतले इमामसाहेब असतात. म्हणून या तिघांनी हंगामाआधी एकदा एकत्र बसायला हवं. रोजा ठेवायचा की प्रवासाच्या दिवशी सवलत घ्यायची, त्रास झाला तर काय करायचं, हे मुलाला आधीच ठाऊक असलं पाहिजे. ऐन शर्यतीत, सातव्या फेरीला, त्याच्यावर हा निर्णय टाकू नये.

डिअरबॉर्न लांब आहे, पण तिथला प्रश्न लांबचा राहणार नाही. चांद्र वर्ष सौर वर्षाहून दहा-अकरा दिवसांनी लहान असतं. त्यामुळे रमजान दरवर्षी तेवढा मागं सरकतो आणि सुमारे तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. २०१० मध्ये तो डिअरबॉर्नच्या फुटबॉलला भेटला, नंतर मे-एप्रिल करत वसंतातल्या मैदानी स्पर्धांना. आपल्याकडे याच काळात तो दहावी-बारावीच्या परीक्षांना भेटला आणि कितीतरी मुलांनी रोजा ठेवून पेपर लिहिले. २०३० साली तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एक आणि डिसेंबरअखेरीला दुसरा, असे एका वर्षात दोन रमजान सुरू होतील. पुढच्या चार-पाच वर्षांत तो डिसेंबर आणि नोव्हेंबरमध्ये सरकेल. महाराष्ट्रात शालेय क्रीडा स्पर्धांचा हंगाम पावसाळ्यानंतर रंगतो. तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा फेऱ्या हिवाळ्यापर्यंत चालतात. मालेगाव, भिवंडी, औरंगाबाद किंवा कोकणातल्या एखाद्या गावातली मुलं तेव्हा रोजा ठेवून ३,००० मीटर धावायला उभी राहतील.

त्यांच्यासाठी काय करावं लागेल, हे आजच सांगता येतं. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या वेळापत्रकात लांब पल्ल्याच्या शर्यती सकाळी पहिल्या ठेवता येतील. सहरी होऊन दोन-तीन तासच झालेले असतील तेव्हा रोजेदार मुलगा आणि बाकीची मुलं जवळजवळ सारख्याच बळानं धावतील, आणि उन्हापासून सगळेच वाचतील. स्पर्धा संध्याकाळपर्यंत लांबली तर मैदानावर पाणी, खजूर आणि पाच मिनिटांची मोकळीक हवी. हिजाब, पूर्ण बाह्यांचा सदरा किंवा लांब पायजमा घालून मुलगी धावली, तर तिचं नाव निकालाच्या कागदावर असलंच पाहिजे, हे नियमात आधीच लिहिलेलं हवं. यातल्या कशालाच पैसा लागत नाही. पण मागणी आपण वेळेत करायला हवी. स्पर्धेच्या आदल्या रात्री केलेली विनंती उपकार म्हणून मान्य होते, किंवा नाकारली जाते.

सब्र हा रमजानचा धडा आहे, आणि लांब धावणाऱ्यालाही तोच शिकावा लागतो. पहिल्या फेरीत सगळं उधळून द्यायचं नाही, शेवटच्या फेरीसाठी काही राखून ठेवायचं. हे शिकण्यासाठी मुलं आपण होऊन कष्ट घेत असतील, तर वेळापत्रक आणि नियमपुस्तक त्यांच्या वाटेत आडवं येणार नाही, एवढं मोठ्यांनी पाहिलं पाहिजे. ते काम रमजान मैदानी हंगामात येण्याची वाट न पाहता, आत्ताच सुरू व्हावं.