शिपायाच्या बाजूने तज्ज्ञ कोण?

वाकडच्या उंच इमारतींत संगणक अभियंते राहतात. देहूरोडची लष्करी छावणी तेथून जवळच. अभियंत्याला ठाऊक असलेल्या ‘हॅश’वर आता छावणीतील जवानाची अब्रू अवलंबून आहे! १ जुलै २०२४ रोजी इंग्रजांचा १८७२ चा पुरावा कायदा जाऊन भारतीय साक्ष अधिनियम आला. तो कोर्ट मार्शललाही लागू, हे पहिल्याच कलमात नमूद आहे. भ्रमणध्वनीवरील संदेश पुराव्यात आणायचा, तर कलम ६३ प्रमाणे तज्ज्ञाच्या स्वाक्षरीचे प्रमाणपत्र हवे आणि त्यात हॅश, म्हणजे त्या नोंदीचा जणू अंगठाच.

‘फौजेत हे सोपस्कार कशाला?’ असे विचारणाऱ्या शिस्तप्रियांनी जालन्याकडे पाहावे. तेथील २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत आला की नाही, या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली अशा नोंदींच्या प्रतींसाठी प्रमाणपत्र अनिवार्य ठरविले. आमदारकीला जी कसोटी, ती वर्दीला नको?

परंतु आरोपी शिपायाने तज्ज्ञ आणायचा कोठून? दक्षिण कमांडचे मुख्यालय पुण्यात, सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे खंडपीठ मात्र मुंबईत! बचावासाठी स्वतंत्र तज्ज्ञ सरकारी खर्चाने मिळालाच पाहिजे, आणि तोही खटला उभा राहतानाच. अपिलाच्या वेळी नव्हे.