गौताळ्याची पायवाट

भडोचहून पैठणला पोहोचण्यास वीस दिवस लागतात, असे इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात नमूद आहे. कन्नड तालुक्यातील पितळखोऱ्याच्या लेण्यांतही पैठणच्या एका गांधिक कुटुंबाच्या दानाचा लेख आहे. म्हणजे गोदाकाठची माणसे दोन हजार वर्षांपूर्वी हे डोंगर पायी चढत होती. त्यांचे आजचे वारस मात्र मोटारीतून उतरतात, कठड्याशी उभे राहून दरी पाहतात आणि परततात!

पितळखोरे घाटमाथ्यावर, घाटाखाली चाळीसगाव तालुक्यातील पाटणे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने स्थापिलेल्या मठाचा शके ११२८ मधील लेख तेथलाच. या दोहोंमधील अरण्य १९८६ पासून गौताळा-औट्रमघाट अभयारण्य म्हणून संरक्षित आहे. क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर. या अरण्यातून पितळखोऱ्यापासून पाटण्यापर्यंत खुणांनी आखलेली, नियमबद्ध पायवाट असावी, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.

माणसांचा राबता वाढला की रान उजाड होते, हा आक्षेप खोटा नाही. २०२१ साली यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरहून एक वाघ शेकडो कोस नव्हे, तरी शेकडो किलोमीटर चालून गौताळ्यात आला. त्याची वाट अडविण्याचा अधिकार आपणांस नाही. अभयारण्यात परवान्यावाचून प्रवेश नाही, हा १९७२ च्या कायद्याचा दंडक योग्यच आहे. म्हणूनच संख्या मोजकी असावी, वाटाड्ये आसपासच्या वाड्या-तांड्यांतील असावेत आणि वणव्याच्या दिवसांत वाट बंद राहावी. सिमेंट नको, वाहन नको, उपाहारगृहही नको.

अमेरिकेतील ॲपलेशियन पर्वतराजीतील सुमारे साडेतीन हजार किलोमीटरांच्या पायवाटेची कल्पना १९२१ साली मांडली गेली आणि १९३७ साली ती पूर्ण झाली. तिची निगा आजही मुख्यतः स्वयंसेवक राखतात. आपली वाट तिच्या तुलनेत अगदीच लहान. तिला पैशापेक्षा निश्चयच अधिक लागेल.

जो समाज आपल्या अरण्यातून चालत नाही, त्याला ते तोडले गेल्याचेही कळत नाही. वनखात्याने, पुरातत्त्वखात्याने आणि ग्रामपंचायतींनी एकत्र बसून ही वाट आखावी. पायांनी जोडलेले नातेच रान राखील.