उचल आणि वेठबिगारी

जयपूरच्या मुरलीपुऱ्यापासून विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्र जवळच आहे. अशा वस्त्यांत घरसामान हलविण्याचा धंदा ठेकेदारांच्या हमालांवर चालतो. ट्रक एकाचा, खोकी दुसऱ्याची, माणसे तिसऱ्याची. जबाबदारी मात्र कोणाचीच नाही! गावी दिलेली उचल फिटेपर्यंत काम सोडायचे नाही, ही अट जेथे आहे तेथे वेठबिगारी आहे. १९७६ च्या कायद्याने ती प्रथा आणि तिच्यापायीची कर्जे रद्द केली. किमान वेतनाहून कमी मजुरी देणे ही घटनेच्या २३ व्या कलमाखाली सक्तीची मजुरीच होय, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये एशियाड कामगारांच्या प्रकरणी दिला. १९८३ मध्ये राजस्थानातीलच दुष्काळी कामांवरील मजुरांना तो लागू केला.

तेव्हा 'आमच्याकडे गुलामगिरी नाही' ही कंपनीची लेखी ग्वाही पुरेशी नाही. प्रत्येक ठेकेदाराचे हजेरीपट व वेतनपत्रके तिने दाखविली पाहिजेत. महाराष्ट्रात हमालांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला. नोंदणी आणि मजुरी मंडळामार्फत, हे त्याचे मर्म. राजस्थानच्या हमालांनाही तसेच संरक्षण हवे. ते संघटित लढ्यानेच मिळेल.