दुधाच्या दातांच्या पेढीवर लक्ष कोणाचं?

प्रति,
मा. महासंचालक, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद,
मा. औषध महानियंत्रक, भारत,
मा. आयुक्त, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य



मी लहान मुलांच्या दातांची डॉक्टर आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाचा पुढचा दात हलायला लागला की काही आईवडील चकचकीत पत्रक घेऊन येतात. दात आपोआप पडायच्या आत काढून द्या, त्यातल्या स्टेम सेल द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांना ठेवू, पुढे मधुमेह झाला, मणक्याला मार बसला तर कामी येतील, असं त्यावर छापलेलं असतं. पैसे हप्त्याने भरायची सोयही असते. “नाही ठेवला तर पुढे पोराचं नुकसान तर नाही ना होणार?” हा आईचा प्रश्न असतो, आणि तिच्या आवाजात भीती असते.

त्या आईला द्यायचं उत्तर तुमच्याच दप्तरी आहे. परिषदेने जैवतंत्रज्ञान विभागासोबत २०१७ साली काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार देशात फक्त नाळेतल्या रक्ताच्या पेढीला परवानगी आहे. बाकी कोणत्याही जैविक पदार्थाची, म्हणजे दाताचीही, व्यावसायिक साठवण पुढची अधिसूचना निघेपर्यंत करता येत नाही. इतकं स्वच्छ लिहिलेलं असूनही ते पालकांपर्यंत पोचलेलं नाही. पत्रक मात्र पोचतं.

दातातल्या या पेशींवरच्या संशोधनाबद्दल मला मनापासून आदर आहे. २००० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या स्टॅन ग्रॉन्थॉस, सोंगताओ शी आणि सहकाऱ्यांनी अक्कलदाढेच्या गरात मूलपेशी, म्हणजेच स्टेम सेल, दाखवल्या. २००३ साली शी यांच्याच गटाला त्या पडणाऱ्या दुधाच्या दातांतही सापडल्या. २०१८ साली चीनमधल्या शिआनच्या डॉक्टरांनी, मार लागून आतून मेलेल्या पुढच्या दातांत त्याच मुलांच्या दुधाच्या दातातल्या पेशी सोडल्या, आणि गर पुन्हा धरला, रक्तवाहिन्यांसकट, संवेदनेसकट. मेलेला दात जिवंत होतो हे वाचून मी हरखून गेले होते. पण ती ४० मुलांची चाचणी होती, पेशी तेव्हाच काढलेल्या दातातून वाढवलेल्या होत्या आणि दुरुस्त झाला तो दातच. त्यावरून मधुमेहाचं आणि मणक्याचं आश्वासन विकणं मला सहन होत नाही.

त्याहून वाईट वाटतं ते रक्ताचे आजार असलेल्या मुलांच्या पालकांबद्दल. रक्त तयार करणाऱ्या मूलपेशींचं रोपण हा मान्य उपचार आहे. त्या पेशी अस्थिमज्जेतून, रक्तातून किंवा नाळेतल्या रक्तातून मिळतात. दाताच्या गरातल्या पेशी वेगळ्या, त्यांच्यापासून तसं रोपण होत नाही. शिवाय थॅलेसेमियासारखा दोष जन्मतःच असतो, तो मुलाच्या स्वतःच्या प्रत्येक पेशीत, म्हणजे साठवलेल्या पेशींतही असतो. तरी “स्टेम सेल” हा एकच शब्द ऐकून ही माणसं आशा धरतात.

नाळेच्या रक्तपेढीला औषध कायद्याखाली परवाना लागतो, म्हणून तिच्या दारात निरीक्षक जाऊ शकतो. दाताच्या पेढीसाठी परवान्याची तरतूदच नाही. मग तिथली टाकी कोण पाहणार, त्यातल्या पेशी जिवंत आहेत का हे कोण विचारणार? मार्गदर्शक तत्त्वांना कायद्याचा दात द्या, ही माझी पहिली मागणी. दात पाठवणाऱ्या डॉक्टरला कमिशन मिळत असेल तर तेही शोधून काढा. आमच्या आचारसंहितेत ते निषिद्धच आहे.

ज्यांनी आधीच दात ठेवले आहेत, त्यांना वाऱ्यावर सोडू नका. २०१९ साली स्वित्झर्लंडची क्रायो-सेव्ह ही नाळेच्या पेशी साठवणारी कंपनी बंद पडली आणि लाखो नमुने पोलंडमधल्या दुसऱ्या पेढीत हलवावे लागले. आपला नमुना नेमका कुठे आहे, हे कळायला कित्येक पालकांना झगडावं लागलं. आपल्याकडे तसं घडलं तर नमुने कोणाच्या ताब्यात जातील, भरलेले पैसे कोण परत करेल? अशा प्रत्येक पेढीकडून नमुन्यांची यादी आणि करारांच्या प्रती आजच मागवून घ्या. पालकांना संमतीने ते दात मान्यताप्राप्त संशोधनाला देता येतील, अशी वाटही काढा.

आणि एका पानाचं मराठी सूचनापत्र काढा, तुमच्या सहीशिक्क्यानिशी. मी ते माझ्या दवाखान्यात खुर्चीसमोरच लावीन.

आपली,
एक बालदंतचिकित्सक, पुणे