चाक लावलं तर बिघडलं कुठे?

पावसाळ्यात आमच्या नाशकात जिकडेतिकडे ब्रश कटरची घरघर चालू असते. नायलॉनची दोरी गरगर फिरवून गवत छाटणारं हे यंत्र सात-आठ किलोचं. खांद्याला पट्टा अडकवून माणूस दिवसभर ते वागवतो. नळीच्या खालच्या अंगाला बसणारी दोन चाकांची जोड बाजारात मिळते. ती घ्या म्हटलं, की सोसायटीतले लोक हसतात. "गवत कापायला गाडा कशाला? पूर्वी विळ्याने कापायचेच की!"

कापायचे हो, पण त्यांच्या कमरेला कुणी विचारलं? आपल्याच शेतकऱ्यांनी सायकलचं चाक लावून सायकल कोळपं केलं, त्यांना कुणी आळशी म्हटलं नाही. आखूड दांड्याच्या खुरपणीच्या अवजाराने मजुरांच्या पाठी कायमच्या अधू होत, म्हणून कॅलिफोर्नियात १९७५ साली त्यावर बंदी आली. तिथेही मालकांना आखूड दांडाच बरा वाटायचा!

बांधाच्या उतारावर, दगडगोट्यांत चाक अडतं, हे मान्य. तिथे पट्टाच बरा. पण सपाट आवारात बराचसा भार जमिनीवर जातो आणि दोरी एका उंचीवर राहते. चाक लावलं तरी पात्यावरचं झाकण आणि डोळ्यांना चष्मा हवाच.

माझं म्हणणं एवढंच, की जोडीचा खर्च सोसायटीने करावा, गवत कापणाऱ्याने नव्हे. यंत्र जड की हलकं, हे गॅलरीत चहा पिणाऱ्यांनी ठरवू नये. तुमच्याकडे काय करतात, जरूर कळवा.